पत्र्याच्या पेटीतला ऐवज
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला सांगितले, "छंदावर बोला." आम्ही म्हणजे बेल्यातली चार-पाच टाळकी. कोणी मास्तर, कोणी दुकानदार, आणि आज तुमच्यापुढे उभा असलेला राज्य सरकारचा नोकर, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून कचेरीत चिकटलेला. आमच्यात कोणी विद्वान नाही, इतिहासाचा प्राध्यापक तर नाहीच. पण गेली काही वर्षे रविवारी एकत्र बसून आम्ही जुनी नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटे, पावत्या पाहतो, त्यांची नोंद करतो. घरच्यांना याचा वैतागही आला आहे. "त्या रद्दीत काय सापडतं तुम्हाला?" हा प्रश्न आमच्या प्रत्येकाच्या घरात विचारला गेलेला आहे. आज त्याचेच उत्तर चारचौघांत देण्याचा विचार आहे.

सुरुवात आमच्यापासून नको, मुलांपासून करू. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली पोरे आता हैदराबाद, पुणे आणि थेट अमेरिकेत आहेत. सुट्टीत नातवंडे येतात. त्यांच्या बॅगेत एक जाड प्लास्टिकच्या पानांचा अल्बम असतो आणि त्यात बास्केटबॉलच्या खेळाडूंची कार्डे लावलेली असतात. पुठ्ठ्याचा एक तुकडा, पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या खेळाचे आकडे. आजोबा विचारतात, "केवढ्याचं रे हे?" नातू डॉलरमध्ये आकडा सांगतो आणि आजोबांचा चहा गार होतो.

आजोबांचे आश्चर्य खोटे नाही. मायकेल जॉर्डन हा शिकागो बुल्सचा खेळाडू. त्याचे १९८६ सालचे फ्लीअर कंपनीचे कार्ड त्याचे पहिल्या वर्षांतले महत्त्वाचे कार्ड म्हणून मानले जाते. १३२ कार्डांच्या संचातले ते ५७ नंबरचे. त्या वेळी ही पाकिटे दुकानात पडून राहत, फारसे गिऱ्हाईक नव्हते. तेच कार्ड, अगदी कोरे करकरीत, कोपरासुद्धा न दुमडलेले, २०२१ च्या जानेवारीत लिलावात ७ लाख ३८ हजार डॉलरना गेले. म्हणजे पाच कोटींहून जास्त रुपये. पण मुलांनो, पुढचेही ऐका. वर्ष-दीड वर्षात त्याच दर्जाच्या कार्डाचा भाव निम्म्याच्याही खाली आला. भावाच्या मागे धावून ज्याने घेतले तो बसला. आवडीने ज्याने लहानपणापासून जपले, त्याचे काहीच गेले नाही, कारण कार्ड त्याच्याकडेच आहे.

आता हे कार्ड दुर्मिळ का होते? याचे सगळ्यात चांगले उत्तर बेसबॉलच्या एका कार्डात आहे. टॉप्स नावाच्या कंपनीने १९५२ मध्ये मिकी मँटल या खेळाडूचे कार्ड काढले. हंगाम संपला, माल उरला, कित्येक वर्षे गोदामात पडला. शेवटी १९६० मध्ये कंपनीने तो बोटीत भरून समुद्रात नेऊन टाकला, असे त्या कंपनीचेच अधिकारी साय बर्गर सांगत. जी कार्डे मुलांच्या हातात गेली होती, त्यातली बरीच आयांनी घर झाडताना टाकून दिली. जी थोडी राहिली, त्यातले एक २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. आपल्या हिशेबाने सुमारे १०० कोटी रुपये.

म्हणजे वस्तू दुर्मिळ होते ती दुसऱ्यांनी टाकून दिल्यामुळे. उलटही खरे आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सगळ्यांनीच "पुढे भाव येईल" म्हणून कार्डे साठवायला सुरुवात केली, कंपन्यांनी अफाट छापली, आणि त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज रद्दीचाही भाव नाही. ज्या गोष्टीला सगळे सोने समजून जपतात ती गल्लोगल्ली मिळते. ज्या गोष्टीला सगळे कचरा समजतात ती एक दिवस मिळेनाशी होते. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे आपल्या घराकडे वळताना लागेल.

आमच्या वयाच्या मंडळींना हे सारे परके वाटायला नको. आमच्या लहानपणी काडेपेटीचे छाप गोळा करण्याचे वेड होते. एसटीच्या थांब्यावर, पानठेल्यामागे खाली माना घालून आम्ही हिंडायचो. नंतर च्युइंग गमबरोबर क्रिकेटवीरांची कार्डे आली, मग कुस्तीवाल्यांचे ट्रम्प कार्ड आले. कोणाची उंची जास्त, कोणाचे वजन जास्त, यावर शाळेच्या ओट्यावर तासन् तास डाव चालत. जवळ दोन असतील त्यातले एक द्यायचे आणि नसलेले घ्यायचे. व्यवहार, घासाघीस, शब्द पाळणे आणि वाईट सौदा झाला तर मुकाट्याने सोसणे, हे सगळे आम्ही त्या कार्डांवर शिकलो. ज्यांच्याशी अदलाबदल केली ते मित्र आजही नावानिशी आठवतात, कार्डे मात्र एकाकडेही उरलेली नाहीत.

आता मुलांच्या अल्बमकडून आजोबांच्या पेटीकडे येऊ. बेल्यात जुन्या घरांच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात, कणगीच्या मागे एक पत्र्याची पेटी असते. आत लग्नपत्रिका, जुनी पंचांगे, सुताराचे-सोनाराचे हिशेब, शेतसाऱ्याच्या पावत्या, आणि तळाशी कापडाच्या पुरचुंडीत काही नाणी. घर पाडून स्लॅबचे बांधायचे ठरले की ही पेटी आधी अंगणात येते, मग भंगारवाल्याच्या गाडीवर जाते. पत्रा किलोच्या भावाने, कागद रद्दीच्या भावाने. नाणी सोनाराकडे, चांदीच्या भावाने.

त्या पुरचुंडीत काय असते? बहुतेक वेळा हाली सिक्का, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा रुपया. आपले बेला १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्याच राज्यात होते. पैनगंगा ही सरहद्द. नदीच्या या काठाला हाली रुपया, पलीकडे वऱ्हाडात इंग्रजी रुपया, त्याला आपले लोक कलदार म्हणत. सोयरिकी तिकडे, बाजारहाट तिकडे, त्यामुळे आपल्या पणजोबांना रोज दोन चलनांचा हिशेब करावा लागे. सरकारी दर असा होता की १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा विचित्र आकडा कुठून आला, हे आम्हाला बरेच दिवस कोडे होते. वजनाचा हिशेब मांडला तेव्हा उलगडले. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी साधारण ९.१ ग्रॅम. जुन्या कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी साधारण १०.७ ग्रॅम. भागाकार केला की जवळपास तेवढेच उत्तर येते. शाळा न शिकलेला आपला पणजोबा बैलगाडीतून नदी ओलांडताना हा हिशेब तोंडी करत होता.

पुढच्या वेळी हाली रुपया हातात आला तर त्यावरचा चारमिनार नीट पाहा. हा चारमिनार रुपयावर १९०३ च्या सुमारास आला. त्याच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर आहे. ते 'मीम' असेल तर नाणे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळचे. 'ऐन' असेल तर १९११ नंतरचे, सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या काळचे. सातव्या निजामांच्या अगदी सुरुवातीच्या काही रुपयांवर तो ऐन अपुरा उमटला आहे. संग्राहक त्याला अर्धा ऐन म्हणतात आणि तो शोधत फिरतात. अमेरिकेतली पोरे जॉर्डनचे पहिल्या वर्षांतले कार्ड शोधतात, तसाच हा प्रकार. मामला तोच आहे, फक्त आपला आपल्या पेटीत आहे.

नोटांची गोष्ट तर कादंबरीसारखी आहे. हैदराबाद संस्थानाने १९१८ मध्ये स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. त्या विलायतेत छापून आगबोटीने यायच्या. २० मे १९२२ रोजी 'इजिप्त' नावाची बोट लंडनहून मुंबईला निघालेली असताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या बोटीची धडक बसून बुडाली. तिच्यात सोने-चांदी होती आणि निजामाच्या कोऱ्या नोटाही होत्या. दहा वर्षांनी, १९३२ मध्ये, इटलीच्या पाणबुड्यांनी 'आर्तिल्यो' या जहाजावरून तो खजिना वर काढला. सोन्यासाठी गेलेल्या माणसांच्या हाती भिजलेल्या नोटाही आल्या. पाण्याचे डाग पडलेल्या त्या नोटा आज संग्राहकांच्या अल्बममध्ये आहेत. एकीकडे समुद्रात टाकून दिलेली कार्डे, दुसरीकडे समुद्रातून वर काढलेल्या नोटा. कागदाचे नशीब माणसासारखेच असते.

पण मंडळी, आज मला भाव किंवा बोटी यांच्यापेक्षा दुसरी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आम्हा सगळ्यांच्या वतीने सांगतो. त्या निजामी नोटेवर किंमत कोणकोणत्या भाषांत लिहिली आहे? उर्दू, इंग्रजी, तेलुगू, कन्नड आणि मराठी. जुन्या निजामी तिकिटांवरही फारसी लिपी, इंग्रजी आणि तेलुगू यांच्या शेजारी देवनागरीत किंमत आहे. आमच्या रविवारच्या बैठकीत एका शाळकरी मुलीने भिंगातून पाहत ती अक्षरे मोठ्याने वाचली आणि विचारले, "काका, त्या काळी इथे मराठी होती?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. ज्या घरात सात पिढ्या मराठी बोलली जाते, त्या घरातली ती मुलगी. तिचा दोष काहीच नाही. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू, बस-बँक-कचेरीतला कारभार तेलुगूत. मराठी घरात आणि आरतीत. तिला वाटले असावे की मराठी म्हणजे नदीपलीकडची, आपण पाहुणे.

आपण पाहुणे नाही, हे तिला व्याख्यान देऊन पटत नाही. ती चिमुकली अक्षरे दाखवली की पटते. सरकारच्या स्वतःच्या कागदावर, उर्दूच्या आणि तेलुगूच्या मांडीला मांडी लावून मराठी बसली आहे. यात कोणाशी भांडण नाही. आम्ही तेलंगणा सरकारची भाकरी खातो, तेलुगूत टिपण लिहितो, त्याचा आम्हाला अभिमान आहे. उलट त्या नोटेवरून हेच दिसते की या मुलखात माणसे पूर्वीपासून चार-पाच भाषांत व्यवहार करत आली. आपल्या बेल्याच्या बाजारात आजही मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी कानावर पडते. ही श्रीमंती नवी नाही, जुनी आहे, आणि तिचा पुरावा आपल्या माळ्यावर आहे.

१९३१ सालच्या निजामी तिकिटांचा एक संच आमच्याकडे आहे. एक आण्याच्या तिकिटावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागर तलाव, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बिदरचा मदरसा आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार. आज यातला चारमिनार तेलंगणात, बिदर कर्नाटकात आणि अजिंठा, दौलताबाद महाराष्ट्रात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. किनवट आणि राजुरा हे तोवर आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके होते, ते पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. काही घरांत तर भाऊ इकडे आणि बहीण तिकडे झाली. नकाशे बदलले, पण त्या सहा तिकिटांवर सगळे अजून एकत्र आहेत. मुलांना फेररचनेचा धडा पुस्तकातून डोक्यात जात नाही. ही सहा तिकिटे टेबलावर ओळीने मांडली की पाच मिनिटांत कळतो.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण छंदातून माणसाला काय मिळते? याचे उत्तर मराठी माणसाला पुण्यात मिळेल. राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दिनकर गंगाधर केळकर यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. त्यांचा लहान मुलगा राजा अकाली गेला. बापाने त्याच्या नावाने संग्रह उभा केला. गावोगाव फिरून काय गोळा केले? दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी. राजेरजवाड्यांच्या हिऱ्यांपेक्षा बायाबापड्यांच्या हातातल्या वस्तू जास्त. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि केळकरांनी तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तिथल्या एका अडकित्त्यापुढे उभे राहिले की वाटते, एका बापाचे दुःख किती माणसांच्या उपयोगी पडले.

दुसरे उदाहरण इतिहासाचार्य राजवाड्यांचे. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत वाळवी लागत होती, कागद चुलीत आणि वाण्याच्या पुड्यांत जात होते. हा माणूस पायी हिंडून ते मागत फिरला. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

आणि तिसरे उदाहरण खास आपल्या जिल्ह्याचे. सेतुमाधवराव पगडी हे निजामी राज्यातले सनदी अधिकारी, मूळचे मराठवाड्यातले. मोठे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून त्यांनी गोंडी शिकली, गोंडी आणि कोलामी भाषांची व्याकरणे लिहिली, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी शब्द गोळा केले. आम्हा नोकरदारांना त्यांचे नाव घेताना बळ येते. फायलींमधून वेळ मिळत नाही असे म्हणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. त्यांनी वस्तू नुसती ठेवली नाही, तिच्याबरोबर तिची हकीकत लिहून ठेवली. ही कुठली, कोणाची, कशी मिळाली. अमेरिकेतल्या कार्डाच्या मागेसुद्धा आकडे छापलेले असतात, म्हणून तर ते कार्ड. मागची बाजू कोरी असती तर तो नुसता फोटो झाला असता. आमच्या मते संग्रह आणि अडगळ यांत फरक एवढाच. हाली रुपया लाखो होते. पण "हा रुपया आजीला पहिल्या संक्रांतीला सासऱ्यांनी दिला" असे लिहिलेली चिठ्ठी ज्याच्याबरोबर आहे, तो जगात एकच आहे. त्याच्यासारखा दुर्मिळ दुसरा नाही, आणि तो कुठल्या लिलावात मिळत नाही. ही चिठ्ठी लिहू शकणारी माणसे आज या सभेत पुढच्या खुर्च्यांवर बसली आहेत. ती आहेत तोवरच ती लिहून होईल.

म्हणून आता काही कामाच्या गोष्टी.

पहिली, नाणी घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, काहीही लावू नका. चकचकीत नाण्याची किंमत कमी होते आणि अक्षरे झिजतात ती वेगळीच. धूळ असेल तर साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, पूर्ण वाळू द्या. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवले की नाण्यावर हिरवट चिकटपणा येतो. कागदी पाकीट बरे.

दुसरी, जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. चिकटपट्टीचा डिंक कागदात उतरतो, लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. घडी उघडून सपाट ठेवा, पावसाळ्यात पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून लांब ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, हे सगळ्यात सोपे.

तिसरी, शेतसाऱ्याच्या आणि जमिनीच्या जुन्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. हे कागद रद्दीत घालण्याआधी घरातल्या जाणत्याला आणि गरज पडल्यास वकिलाला दाखवा. आजोबांच्या नावाची एक पावती पुढे नातवाच्या कामाला येऊ शकते.

चौथी, कायद्याची. शेत नांगरताना किंवा पाया खणताना जमिनीत पुरलेले धन सापडले, आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या नातवाच्या बॅगेत प्रेमाने काही घालण्याआधी हे लक्षात असू द्या.

पाचवी, फसवणुकीची. "देवीच्या चित्राचे पाच रुपयांचे नाणे द्या, दहा लाख घ्या" असे निरोप मोबाइलवर येतात. मग नोंदणीची फी, कराची रक्कम, असे करत पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट कळवले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहाराशी तिचा काही संबंध नाही आणि ती त्यासाठी कोणाकडून कसलीही फी घेत नाही. पैसे देणाराच आधी पैसे मागतो, हा कुठला बाजार?

सहावी, मुलांसाठी. टपाल खात्याची 'दीनदयाळ स्पर्श' नावाची शिष्यवृत्ती २०१७ पासून आहे. सहावी ते नववीच्या ज्या विद्यार्थ्यांना तिकीटसंग्रहाचा छंद आहे आणि अभ्यासातही जे चांगले आहेत, त्यांना वर्षाला ६,००० रुपये मिळतात. बेल्यातल्या मुलाला ती का मिळू नये? मुख्य पोस्टात चौकशी करा, आम्ही अर्ज भरायला बसू. आणि हैदराबादला गेलात की बिर्याणीनंतर एक तास काढून सैफाबादची १९०३ ची जुनी टांकसाळ पाहा. तिथे आता संग्रहालय आहे. आपल्या पेटीतल्या नाण्यांचे माहेर ते.

मुलांनो, तुमची कार्डेही टाकू नका. बास्केटबॉलची असोत, क्रिकेटची असोत. फक्त प्रत्येक कार्डामागे पेन्सिलीने नव्हे, वेगळ्या वहीत लिहा, हे कोणाकडून मिळाले, काय देऊन घेतले, त्या दिवशी कोण बरोबर होते. चाळीस वर्षांनी कार्डाचा भाव कितीही असो, ती वही तुम्ही विकणार नाही.

शेवटी मंडळाकडे आमचे एक मागणे आहे. पुढच्या वर्षीच्या उत्सवात एक दिवस, एक टेबल आम्हाला द्या. प्रत्येक घराने एक वस्तू आणायची. नाणे, नोट, तिकीट, पावती, पानाचा डबा, जात्याचा खुंटा, काहीही. वस्तूबरोबर अर्ध्या पानाची हकीकत, मराठीत, घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने सांगितलेली आणि सर्वांत लहान मुलाने लिहिलेली. संध्याकाळी वस्तू घरी परत जाईल, हकीकत वहीत राहील. त्या लहान मुलाला मराठी लिहायला अडचण येईल, चुका होतील. होऊ द्या. आजी शेजारी बसून सांगेल आणि त्या निमित्ताने दोन दिवस घरात तेवढीच चर्चा होईल. अशी शंभर पाने झाली की बेल्याच्या मराठी घरांचा इतिहास तयार. तो लिहायला बाहेरून कोणी राजवाडे येणार नाहीत.

आपण ज्याच्यापुढे बसलो आहोत तो देव लेखनिक आहे. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहिले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गणपतीची अट होती की सांगणाऱ्याने थांबायचे नाही. व्यासांची अट होती की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. आपल्या घरातल्या व्यासांना अजून पुष्कळ सांगायचे आहे. ते थांबण्याआधी वही-पेन घेऊन बसू या, आणि समजून घेऊन लिहू या.



मंगलमूर्ती मोरया!